सतराव्या पोर्टचा वेग

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या उदगीरकरांच्या घरात तीन पिढ्या सरकारी खुर्ची नांदली. पणजोबा निजामाच्या काळात तहसीलदार, आजोबा सरकारी वकील आणि वडील भगवंतराव सचिवालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त. चौथ्या पिढीतल्या श्रीनिवासला सरकारी नोकरी लागली नाही, हे दुःख घराने बरीच वर्षं सुतकासारखं पाळलं. पुढे तो गच्चीबावलीकडच्या एका डेटा सेंटरमध्ये नेटवर्क विभागाचा प्रमुख झाला आणि त्याने खासगी खुर्चीलाच सरकारी करून टाकलं. खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल आला, दारावर पितळी पाटी आली. डेटा सेंटरमधल्या स्विचांबद्दल तो बोलायचा तेही पणजोबा गावांबद्दल बोलत असतील तसंच. माझ्याकडे इतके स्विच आहेत, त्यातले अमुक जरा वांड आहेत, पण आपला वचक आहे.

हे स्विच भिंतीवरचे दिव्याचे नव्हेत. चपटी लोखंडी पेटी, तिच्या तोंडावर ओळीने खोबण्या, प्रत्येक खोबणीत एकेका संगणकाची तार. त्या खोबणीला पोर्ट म्हणतात. कुठल्या पोर्टमधून किती वेगाने माहिती जाऊ द्यायची ते ठरवून द्यावं लागतं, दहा गिगाबिट की पंचवीस की शंभर. श्रीनिवासच्या नोकरीतला बराच भाग हे वेग ठरवण्याचा होता. ते कसं करायचं हे प्रत्येक कंपनी आपल्या पेटीसोबतच्या पुस्तकात लिहून देते, पण पुस्तक उघडणं श्रीनिवास कमीपणाचं मानायचा. पुस्तकात बघूनच करायचं तर माझ्या अनुभवाचं काय लोणचं घालायचंय, असं तो नव्या पोरांना विचारायचा. पोरं हसायची, कारण वर्षअखेरीचा शेरा त्याच्याच हातात असायचा.

भगवंतरावांना यातलं काही कळत नव्हतं, पण त्यामुळे त्यांचं बोलणं कधी अडलं नाही. मराठी मंडळाच्या बैठकीत ते शांतपणे सांगायचे की हैदराबादचं इंटरनेट आमच्या श्रीनिवासच्या हाताखाली आहे. मंडळी मान डोलवायची. त्यातल्या कुणाचं घरचं वायफाय रुसलं की श्रीनिवासला बोलावणं जायचं. तो यायचा, कपाळाला आठ्या घालून डबीकडे बघायचा, बटण बंद करायचा, चहा घ्यायचा, बटण चालू करायचा. वायफाय चालायला लागायचं. एवढ्या भांडवलावर त्याची कीर्ती नल्लकुंट्यापासून जामबागेपर्यंत पसरली होती.

मंडळाचे अध्यक्ष नामदेवराव हे जामबागेतल्या शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक. सत्कार केल्याशिवाय त्यांचा महिना सुना जायचा. या खेपेला त्यांनी श्रीनिवासचं नाव काढलं आणि वर अशी टूम काढली की सत्कार सभागृहात नको, त्याच्या कर्मभूमीतच करू, म्हणजे स्मरणिकेला फोटोही मिळेल. श्रीनिवासने दोन वेळा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा कुणी विचारायच्या आत रविवार ठरवून टाकला.

मग त्याला घोर लागला. पाहुणे येणार, थंडगार खोलीत लुकलुकणाऱ्या पेट्या बघणार आणि जांभया देणार. त्यांच्यासमोर काहीतरी घडायला हवं. तशात एक काम समोर होतं. एका ग्राहकाचा नवा संगणक आला होता आणि त्याच्यासाठी एका स्विचच्या सतराव्या पोर्टचा वेग दहावरून पंचवीस करायचा होता. काम मंगळवारी पहाटे, वर्दळ नसताना व्हायचं होतं. श्रीनिवासने ते रविवारी सकाळवर आणलं. अशा बदलाला वरिष्ठांची मंजुरी लागते. वरिष्ठ तोच होता, त्याने स्वतःला ताबडतोब मंजुरी दिली आणि कारणाच्या रकान्यात ‘व्यवस्थापकीय सोय’ असं लिहिलं. हा शब्दप्रयोग वडिलांकडून आलेला होता.

ऑफिसातल्या शुक्रवारच्या बैठकीत हे जाहीर झालं तेव्हा अनुराधा बोलली. ही नल्लकुंट्याची मुलगी, त्याच्या विभागातली सगळ्यांत हुशार आणि ते स्वतःला नीट माहीत असलेली. तिने सांगितलं की या स्विचमध्ये एकेका पोर्टचा वेग वेगळा ठेवता येत नाही. चार-चार पोर्टांचा गट आहे आणि वेग गटाला लागतो. सतराव्याला पंचवीस दिला की अठरा, एकोणीस, वीस यांनाही तोच लागणार. त्या तिघांवर कोचिंग क्लासवाल्यांचे जुने संगणक आहेत, त्यांना दहाच्या वरचं झेपत नाही, ते सरळ बंद पडतील. “आणि सर, संडेला त्यांची ऑनलाइन मॉक टेस्ट आहे,” ती म्हणाली. “तेलंगणा-आंध्र, दोन्ही राज्यांतले पोट्टे बसालेत.”

श्रीनिवास दयेने हसला. “अनुराधा, तू शाळेत होतीस तेव्हापासून मी पोर्टचे वेग बदलतोय.”

बैठकीतली बाकीची मंडळी आपापल्या मोबाइलमध्ये बुडाली. अनुराधाने पुन्हा तोंड उघडलं नाही. उघडता आलं असतं. मोठ्या मॅडमकडे जाता आलं असतं, निदान क्लासवाल्यांना कळवता आलं असतं. पण एकदा सांगितलं म्हणजे आपलं कर्तव्य झालं असा तिने हिशोब केला, आणि सर तोंडावर आपटले तर त्यांची खुर्ची कुणाकडे येईल हाही हिशोब केला. मग खाली जाऊन तिने मैत्रिणीबरोबर चहा घेतला आणि स्वतःलाच म्हणाली, लाइट लो, कशाला डोक्याला ताप.

रविवारी पाहुणे आले. भगवंतराव लग्नातला कोट आणि कानटोपी घालून आले होते. मंडळाच्या सांस्कृतिक चिटणीस त्रिवेणीबाई यांनी आणलेला नारळ दारावरच्या पहारेकऱ्याने ठेवून घेतला. नारळात धोका काय, असं त्यांनी हैदराबादी हिंदीत बराच वेळ विचारून पाहिलं, पण तपासणीच्या यंत्रातून नारळाच्या आतलं दिसत नव्हतं. बुटांवर निळ्या पिशव्या चढवून सगळे आत शिरले. अनुराधा ड्यूटीवर होती, ती दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली.

श्रीनिवासने ढकलगाडीवरचा संगणक पुढे ओढला आणि समजावून सांगितलं. समजा हा रस्ता आहे, आत्ता यावरून दहा गाड्या जातात, मी एक ओळ लिहीन आणि पंचवीस जातील. नामदेवरावांनी मोबाइलचा कॅमेरा रोखला. श्रीनिवासने ओळ लिहिली. स्विच बिचारा शहाणा होता. त्याने पडद्यावर विचारलं की याने गटातल्या चारही पोर्टांवर परिणाम होईल, पुढे जाऊ का? लग्नपत्रिकेवरचा मजकूर जितक्या बारकाईने वाचतात तितक्या बारकाईने श्रीनिवासने ते वाचलं आणि ‘हो’ दाबलं.

चार हिरवे दिवे विझले. क्षणभराने त्यांतला एक पेटला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या दृष्टीने दिवा विझून पेटला होता, म्हणजे काहीतरी झालंच होतं. श्रीनिवासने मान झुकवून टाळ्या घेतल्या, आणि झुकलेली मान वर करताना त्याला उरलेले तीन दिसले. काळेठिक्कर. तो हसत हसत पुन्हा संगणकाकडे वळला आणि अठराव्या पोर्टला दहाचा वेग देऊन पाहिला. स्विचने नाही म्हटलं. एकोणिसाव्याला देऊन पाहिला. स्विचने नाही म्हटलं. गटाला द्यायचा वेग तो एकेकट्या पोर्टला देत होता, आणि स्विच प्रत्येक वेळी तसं लिहून सांगत होता, पण लिहिलेलं वाचायची सवय मोडून फार वर्षं झाली होती. अनुराधाकडे वळून विचारणं एवढंच बाकी होतं. त्याने वळून पाहिलंही. ती त्याच्याकडेच बघत होती. मग त्याची नजर कोटातल्या वडिलांवर गेली आणि त्याने विचारलं नाही.

“आता पुढचा प्रयोग कोणता?” नामदेवरावांनी विचारलं.

तेवढ्यात खिशातला मोबाइल थरथरला. पडद्यावर भाग्यलक्ष्मी गारूंचं नाव होतं. गारू म्हणजे तेलुगूतलं राव किंवा बाई. याच मोठ्या मॅडम, सगळ्या केंद्राच्या मुख्य, आणि रविवारी त्या फोन करायच्या नाहीत. श्रीनिवासने फोन उचलला नाही. लोकांच्या घरी चहा पिताना त्याने जे हजार वेळा केलं होतं तेच केलं. स्विच बंद करून चालू केला.

आता तीनच्या जागी सगळे दिवे गेले. पेटीचे पंखे थांबले, मग विमान सुटावं तसे गरजले. त्रिवेणीबाईंनी कानांवर हात ठेवले. त्या स्विचवर अवलंबून असलेलं सगळंच अंधारात गेलं, क्लासवाले तर गेलेच, वर एक औषधांची एजन्सी आणि एक कुरियरवाला गेला. बराच वेळ काही झालं नाही. श्रीनिवास पाहुण्यांना खोलीतल्या थंडीचं महत्त्व सांगत राहिला. मग दिवे एकामागून एक पेटत गेले, अठरा पेटला, एकोणीस पेटला, वीस पेटला.

झालं होतं ते असं. घाईत त्याने केलेला बदल जपून ठेवायची आज्ञा दिलीच नव्हती, त्यामुळे स्विच झोपून उठला तो सगळं विसरून, जुन्या वेगांसकट. सतरावा पोर्टही दहावर येऊन बसला होता. म्हणजे श्रीनिवासने सकाळभर काहीही केलं नाही असंच स्विचला वाटत होतं. श्रीनिवासला मात्र वाटलं की आपण वाचवलं. पाहुण्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, शाल पांघरली गेली, फोटो निघाला. तिकडे हजारो मुलं भौतिकशास्त्राच्या मधल्या प्रश्नावर बाहेर फेकली गेली होती. त्यातल्या बऱ्याच जणांनी सुटलो म्हटलं, पण आईबाप सुटल्यासारखे वागले नाहीत. क्लासचे फोन संध्याकाळपर्यंत खणखणत राहिले.

सोमवारी भाग्यलक्ष्मी गारूंनी सगळ्यांना बोलावलं. श्रीनिवास तारेच्या दर्जाबद्दल बोलला, धुळीबद्दल बोलला, स्विच बनवणाऱ्या कंपनीच्या घसरत्या नीतीबद्दल बोलला. अखेर असंही म्हणाला की धोका होता तर अनुराधाने स्पष्ट बजावायला हवं होतं. अनुराधाने शांतपणे सांगितलं की शुक्रवारी याच टेबलावर बजावलं होतं, सगळ्यांसमोर. बाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. कुणालाच आठवेना. अहवालात ‘उपकरणाचे अनपेक्षित वर्तन’ असं कारण पडलं. त्या खोलीत स्वतःची बाजू मांडू न शकणारा एकटा स्विच होता, त्यामुळे दोष त्याच्याकडे गेला.

भाग्यलक्ष्मी गारू मात्र अहवालांवर विश्वास ठेवून त्या खुर्चीपर्यंत पोचल्या नव्हत्या. थोडे दिवस जाऊ देऊन त्यांनी श्रीनिवासला बोलावलं आणि त्याच्या अनुभवाची कंपनीला आता वरच्या पातळीवर गरज असल्याचं सांगितलं. ‘प्रमुख सल्लागार, प्रक्रिया व गुणवत्ता.’ केबिन मोठी, खिडकीतून खडक दिसणारी. श्रीनिवासने नवी पितळी पाटी करायला टाकली आणि येताना काजूकतली घेऊन घरी आला.

भगवंतरावांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि पदाचं नाव पुन्हा एकदा म्हणून घेतलं. मग विचारलं, “सही चालती का तुझी अजून?”

“सहीचा काय संबंध, नाना?”

“त्या पेट्यांना हात लावायचा झाला तर आता कुणाला विचारावं लागतंय?”

श्रीनिवासने डब्याचं झाकण उचललं. “अनुराधाला. ते रोजचं आता ती बघते.”

भगवंतरावांनी काजूकतली सावकाश चघळली. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, जुन्या ओळखीच्या माणसाची खुशाली सांगावी तसे ते बोलले. “आमच्या सेक्शनला राजण्णा होता. फायली हरवायचा. त्याला आम्ही विशेष कर्तव्य अधिकारी केलो. पंखा दिलो, शिपाई दिलो. फाइल तेवढी दिलो नाही.” आणि ते हात धुवायला उठले.

श्रीनिवास डब्याचं झाकण हातात धरून बसून राहिला. पदाचं पत्र आल्यापासून त्याने ते अनेकदा वाचलं होतं, पण त्यात काय नाही हे त्याला ऐंशी ओलांडलेल्या, स्विच म्हणजे दिव्याचं बटण समजणाऱ्या माणसाने सांगितलं. बायकोने आतून जेवायला हाक मारली तेव्हा त्याने भूक नाही म्हटलं, आणि हे तो खरंच बोलला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या त्याने स्विचचा जुना पासवर्ड टाकून पाहिला. स्विचने दार उघडलं नाही. मग तो उठून आपल्या जुन्या केबिनकडे गेला. अनुराधा फोनवर होती, तिने बोटाने ‘बसा’ अशी खूण केली. तो बसला. ती बोलत राहिली आणि तो बसून राहिला, आणि यातलं काहीतरी चुकतंय असं दोघांनाही वाटत होतं, पण थांबलं कुणीच नाही.

फोन संपल्यावर त्याने, दुसरंच काही बोलता बोलता, त्या गटांचं नेमकं काय होतं म्हणून विचारलं. अनुराधाने कागदावर चार चौकोन काढले. हे चौघे एका सर्किटवर बसतात, त्यांचं घड्याळ एक, म्हणून वेग एक. नवा संगणक तिने आता टोकाच्या रिकाम्या गटात हलवला होता, तिथे पंचवीस दिला तरी शेजारी कुणी मरायला नव्हतं. काम मंगळवारी पहाटे कुणाला न कळता झालं होतं. श्रीनिवासने मध्ये एकदाही तोडलं नाही. चौकोनांवरून बोट फिरवत त्याने शेवटपर्यंत ऐकलं, आणि ते इतकं सोपं होतं की त्याचे कान तापले.

“हे मला ठाऊकच होतं,” तो उठत म्हणाला.

“हौ सर,” अनुराधा म्हणाली आणि पुढचा फोन लावायला वळली.