मला न विचारता झालेला सौदा

"कॉपर-टी कधी बसवून घेतली?" भंडाऱ्याच्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावरून नजर न काढता विचारलं.

"मी नाही बसवली."

"बाई, ती आपल्या पायानं चालत आत येत नाही."

कॉपर-टी म्हणजे मूल राहू नये म्हणून गर्भाशयात बसवतात ती तांब्याची तार गुंडाळलेली काडी. माझ्या आतली दहा वर्षांत काढायला हवी होती. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, आणि तिच्या जन्मानंतर मला कुणी आतून तपासलेलंही नव्हतं.

मी धानाच्या रोवणीची गँग चालवते. लाखनी-साकोलीकडे रोवणी हुंड्यानं देतात, म्हणजे एकराचा भाव आधी ठरवून. तो भाव मी ठरवते. वीस बाया माझ्या शब्दावर चिखलात उतरतात. हे मला कुणी दिलेलं नाही, भांडून मिळवलं आहे. माझा नियम एकच होता: जी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसली, तिची जागा उद्या दुसरीला.

मागच्या आषाढात मीच बसले. अठरा दिवस रक्त थांबत नव्हतं. चिखलात ते दिसत नाही, एवढाच काय तो फायदा.

"काहून बाई, बसली?" गँगमधली सुमन ओरडली. "उद्याले कोणाले आणू तुह्या जागी?"

सगळ्या हसल्या. मी शिवी देऊन उठले.

जवळच्या सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीचं मशीन होतं. चालवणारा फक्त मंगळवारी येई. पहिल्या मंगळवारी आलाच नाही. दुसऱ्या मंगळवारी आला आणि माझा नंबर लागायच्या आत निघून गेला. मी इतकी भांडले की शिपायानं दंडाला धरून मला बाहेर काढलं. नर्स म्हणाली, "गोळ्या खा, या वयात असं होतंच." मी अडतीस वर्षांची होते. तिसऱ्या मंगळवारी बाकावरच चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन, म्हणजे अंगातल्या रक्ताचा जोर, पाचावर आलं होतं.

नवऱ्यानं गाडी करून भंडाऱ्याला नेलं. कारध्याचा पूल ओलांडतानाही माझ्या डोक्यात एकच होतं: गँग कोण चालवत असेल?

सुमन चालवत होती.

रक्ताच्या दोन पिशव्या चढल्यावर भूल देऊन काडी काढली. पीआयडी झाला होता, म्हणजे ओटीपोटात जंतूंची जुनी सूज. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोन्ही नळ्या चिकटल्यात. आता मूल राहणं कठीण. खोटं कशाला सांगू?"

दुसऱ्या मुलासाठी मी नऊ वर्षं वैदूंचे काढे प्यायले होते. प्रत्येक वेळी सासू सोबत असायची.

ती डबा घेऊन वॉर्डात आली तेव्हा मी विचारलं, "आत्या, हे कोणी बसवलं?"

"पोरीच्या बाळंतपणात तू बेसुद होती. नर्सबाईनं इचारलं, बसवू काय? मी म्हटलं, बसव."

"मले काहून नाही सांगतलं?"

"मले वाटलं, ते दोन वर्सात इरून जाते." डब्याचं झाकण उघडत ती पुढे म्हणाली, "अन् तूच तर सुमनले म्हटलं होतं, पोटुशी बाई ठेवाले मी काय पाळणाघर उघडलं काय? मंग तूच पुन्हा पोटुशी राहिली असती त गँग कशी चालली असती?"

माझी गँग तेव्हा नवी होती. सुमनला पाचवा महिना होता. भर शेतातून मी तिला घरी पाठवलं होतं. बाळंत होऊन पंधरा दिवस झाले नव्हते तोच ती कापणीला आली. मी तिला घेतलं आणि उपकार केल्यासारखी वागले.

घरी आल्यावर सासूला बाळंतपणाचा दवाखान्यातला कागद काढायला लावला. त्यावर सासूचा अंगठा होता. मला सही येते. माझ्या सहीची जागा कोरी होती. मी तक्रार दिली आहे. उत्तर नाही. सासूला माफ केलेलं नाही, नर्सला तर नाहीच.

बायांनो, बाळंतपणानंतर आत काय ठेवलं ते शुद्धीवर आल्यावर स्वतः विचारा आणि लिहून घ्या. रक्त जास्त गेलं तर हंगाम संपायची वाट बघू नका. डॉक्टरबाईंची मी ऋणी आहे. त्यांनी मला जगवलं आणि गोड बोलून फसवलं नाही.

श्रावण लागला. रोवणीचे शेवटचे आठ दिवस उरले होते. शेतकरी पुढच्या सालाचा हुंडा सुमनशी बोलू लागले होते. मी तिच्या दारात गेले. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याला म्हणाले, "भाव तू सांग. माह्या हाताखाली परत यायले काय घेशील?"

"पैसा नको. बारा वर्साआधी मले जे म्हटलं, ते सगळ्या बायाइसमोर पुन्हा म्हण."

दुसऱ्या दिवशी चिखलानं भरलेल्या बांधीच्या कडेला उभी राहून मी ते म्हटलं, शब्द न् शब्द. रोवणीला आलेली सासूही रांगेत होती. कुणी हसलं नाही. माझ्या तोंडून ते वाक्य संपता संपेना.

"झालं," सुमन बायांना म्हणाली. "उतरा चिखलात." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू बस. डॉक्टरनं वाकू नको म्हटलं ना?"

मी धुऱ्यावर बसले. दुसऱ्या दिवशी गेले, तेव्हा रांगेतली माझी जागा दुसरीला न देता रिकामी ठेवलेली होती.