वाणाचा डबा

आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीतून एक मोटरसायकल चोरीला गेली आणि कॅमेरे बसले. मोटरसायकल काही मिळाली नाही. कॅमेऱ्यांच्या मागोमाग गेटवर ॲप आलं, कामाला येणाऱ्या बायकांना कोड मिळाले, आणि बाहेर पडताना त्यांच्या पिशव्या तपासायचा ठराव झाला. पिशव्या फक्त त्यांच्याच.

माझ्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींना मी अधूनमधून काहीतरी डब्यात घालून देत असे. डबा परत येताना कधीही रिकामा आला नाही. घासून, पुसून, तळाशी चिमूटभर साखर.

"मुंग्या लागतात हो मावशी," मी म्हणायचे.

"लागू देत. तुमच्या घरात येऊन त्यांनापण शिस्त लागंल."

त्या दिवशी मी त्यांना चकल्या दिल्या आणि भाचीच्या डोहाळजेवणाला डोंबिवलीला गेले. फोन पर्समध्ये, पर्स आतल्या खोलीत. इकडे गेटवर वॉचमनने डबा बाहेर काढला. झाकणावर चौथ्या मजल्यावरच्या वहिनींचं नाव कोरलेलं होतं. त्याने फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. वहिनींनी लिहिलं, "नाव माझंच आहे." ते खरंच होतं. मावशी त्यांच्याकडेही काम करत. मग एकेकीला आठवू लागलं. कोणाची वाटी दिसत नव्हती, कोणाचा झारा, कोणाचा नवा नॅपकिन. सेक्रेटरींनी पोलिसांना फोन केला.

खरी गोष्ट एवढीच, की तो डबा वाणाचा होता. वहिनींनी एका संक्रांतीला हळदीकुंकवात सगळ्यांना तो लुटला होता, आपलं नाव कोरून घेऊन, जशी आपल्याकडे रीत आहे. ग्रुपवर लिहिणाऱ्या प्रत्येकीच्या फळीवर तसाच डबा होता. उठून फळीकडे कोणी पाहिलं नाही.

संध्याकाळी फोन पाहिला आणि परत निघाले. घरी येऊन आधी स्वयंपाकघरात गेले. जावेच्या नावाचं पातेलं, शेजारणीच्या नावाची ताटली, आत्याच्या नावाचा तांब्या, हाताला लागेल ते पिशवीत भरलं आणि चौकी गाठली. मावशी भिंतीलगतच्या बाकावर बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. मी भांडी हवालदारांच्या टेबलावर मांडली.

"ही सगळी माझ्या घरातली. यावर माझं नाव कुठे दिसतंय का बघा. मी चोरली का?"

त्यांनी तांब्या उलटसुलट करून पाहिला. "मॅडम, आमच्याकडे मेव्हणीच्या नावाचा अख्खा सेट आहे."

"मग यांना का बसवलंय?"

"कंप्लेंट आली की आणावं लागतं."

चौकीत मावशींच्या हातात डबा देऊन त्यांचा फोटो काढला होता. तो पुसून टाका म्हटलं, तर म्हणाले, "तो वर पाठवला. आता तुम्ही घेऊन जा त्यांना."

रिक्षात डबा मांडीवर धरून मावशींनी एकच विचारलं, "ताई, कोड चालंल ना माझा?"

चालेल म्हणाले. सकाळी कोड बंद होता.

मी कामं लिहून काढते आणि उरकते. सेक्रेटरींना भेटायचं, वहिनींकडून लिहून घ्यायचं, ॲपवाल्यांना मेल करायचा, मावशींच्या बाकीच्या घरी जाऊन सांगायचं. सगळं केलं.

वहिनी म्हणाल्या, "मी चोरी म्हटलंच नव्हतं. नाव माझं आहे, एवढंच म्हटलं." तेवढंच लिहून दिलं.

सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, मावशींनी चोरी केली नाही हे आम्हाला मान्यच आहे. पण पोलिसांनी नेलं होतं, हे तर खरं ना?"

"तुम्हीच बोलावलेत ना पोलीस?"

"म्हणूनच तर नेलं. आता लोक विचारतात. रिस्क कशाला?"

ॲपवाल्यांनी कळवलं की कोड सुरू करणं सोसायटीच्या हातात आहे. वॉचमनची एजन्सी आजूबाजूच्या इमारतींतही तीच. मावशींचा फोटो सगळ्या केबिनमधून फिरला, आणि जिथे पिशवी कोणी तपासली नव्हती तिथलीही कामं गेली. यादीतल्या प्रत्येक ओळीवर खूण झाली आणि मावशींना एकही घर परत मिळालं नाही. एवढं निरर्थक काम मी आयुष्यात केलेलं नाही.

मावशी खोली सोडून शहाडला बहिणीकडे गेल्या. फोन केला की म्हणत, "बरं हाय," आणि ठेवून देत. मला वाटे, आज ना उद्या कमिटी बदलेल, मी पुन्हा मांडीन. कमिटी बदलली. नव्या सेक्रेटरींनी मावशींचा कोड बंद ठेवायचा जुना ठराव वाचून पाहिला आणि तसाच ठेवला.

मध्यंतरी एका दुपारी फोन वाजला. गेटवरून ॲपचा निरोप होता. पार्सल आलंय, स्वीकारायचं का? सोबत वॉचमनने काढलेला फोटो. केबिनच्या टेबलावर वाणाचा डबा, झाकणावर वहिनींचं नाव. मी खाली धावले नाही. वॉचमनला फोन लावला, त्यांना थांबव म्हटलं. तो म्हणाला, "गेल्या मॅडम. आत सोडत नाही म्हटल्यावर इथेच ठेवला."

मी होय दाबलं. डबा वर आला.

झाकण उघडलं. डबा लख्ख घासलेला होता. बोट तळाशी फिरवून पाहिलं, कडेनेही फिरवलं. साखरेचा कण नव्हता.