दाराच्या पोटातलं कुलूप

माझी खोली वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी. तिची किल्ली माझ्या करगोट्याला असते. आंघोळीला जातानाही मी दाराला कुलूप लावतो, किल्ली अंगावरच भिजते. सुनेला हे आवडत नाही. तिनं एकदा तोंडावर विचारलं, "बाबा, घरात आपण तीन माणसं. कुणासाठी लॉक करता?"

मी म्हटलं, "तिघांतल्या दोघांसाठी."

माझी शाळा चौथीपर्यंत. मग कऱ्हाडला एसटी स्टँडच्या भिंतीला लागून कुलूप-किल्ल्यांची टपरी टाकली, तिथं चाळीस वर्षं बसलो. कानस चालवलेल्या हातानं हे लिहितोय, वाकडंतिकडं झालं तर वाचणाऱ्यानं सरळ करून घ्यावं.

लोक म्हणतात मी संशयी आहे. आहेच. कुलूप उघडायला बोलावणारा माणूस त्या घराचा मालक आहे की नाही, हे बघूनच मी हत्यार काढायचो. तरीही एकदा चुकलो. एका घरी बाई वारली होती. मुलं स्मशानातून नुकती आलेली, डोक्याचे केस ओले. म्हणाली, आईच्या कपाटाची किल्ली सापडत नाही, उघडून द्या. मी कपाट उघडून दिलं. जाताना पाहिलं तर ओसरीवर त्यांचा बाप बसला होता आणि किल्ली त्याच्या कमरेला होती. तो माझ्याकडे बघत होता. मी पिशवी उचलली आणि निघालो.

आता त्या बापाच्या जागी मी होतो.

टपरी बंद करून आम्ही दोघं नवराबायको इथं मुलाकडे आलो त्याला चार वर्षं झाली. गावाचं नावच स्टेट कॉलेज, अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात. मुलगा इथंच शिकला, इथंच नोकरीला लागला, आणि जुनं लाकडी घर घेऊन बसला. गेल्या मे महिन्यात माझी बायको गेली. इथंच तिला अग्नी दिला, म्हणजे एक बटण दाबलं. अस्थी आणल्या त्या तांब्याच्या लोट्यात भरल्या, तोंडावर लाल कापड बांधलं. गाठ मी स्वतः मारली, माझी गाठ वेगळी असते. अस्थी घरात आणत नाहीत, बाहेर झाडाला टांगतात, हे मलाही कळतं. मुलानं तो लोटा गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांशेजारी ठेवला. दोन दिवस मी सहन केलं. तिसऱ्या दिवशी लोटा उचलला आणि माझ्या खोलीत, पलंगाच्या समोर स्टुलावर ठेवला.

तिला मी कृष्णेत सोडणार होतो. पण जूनमध्ये माझ्या हृदयात स्टेंट बसला आणि डॉक्टरनं सांगितलं, इतका लांबचा प्रवास सध्या नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, इथंही नदी आहे. गुरुजी येतील, सगळं नीट करू. किती महिने असं ठेवायचं?" मी म्हटलं, "तुझ्या आईला इथलं नळाचं पाणी थंड लागायचं. नदीत टाकतो म्हणे." तो गप्प बसला. मला त्याचं गप्प बसणं पटलं नाही. मी दवाखान्यात गेलो, फिरायला गेलो, की हे दोघं मागच्या मागे उरकतील आणि संध्याकाळी सांगतील, बाबा, झालं. म्हणून कुलूप. आधी ते फक्त दुपारच्या झोपेपुरतं लावायचो, आता दिवसभर.

कुलूपही बघण्यासारखं. दाराच्या कडेला खोबण पाडून आत, दाराच्या पोटात बसवलेलं. बाहेर फक्त काचेची मूठ आणि पितळी पट्टीत किल्लीचं भोक. घराएवढंच जुनं. चार वर्षांत या कुलपानं एकदा कुरकुर केली नाही. किल्ली फिरवली तर कानाला कळायचं नाही. इथल्या देवळात भेटणाऱ्या सगळ्या पेन्शनर काकांना मी ऐकवायचो, बघा, याला म्हणतात काम. जुन्या काळी अमेरिकेत कारागीर होते.

ऑक्टोबरात भोकाच्या पितळेवर मला चरे दिसले. ताजे, चकचकीत. माझ्या किल्लीचे चरे मला माहीत आहेत, ते डाव्या अंगाला पडतात. हे उजव्या अंगाला होते. त्याच आठवड्यात सून जेवताना म्हणाली, "बाबा, वरचे सगळे लॉक्स रिप्लेस करून टाकू या. नवीन टाइपचे बसवू, बाहेरून पिन घालून उघडतात. इमर्जन्सी असली तर बरं."

"कुणाची इमर्जन्सी?"

"तुमची. अजून कुणाची?"

मुलगा मान खाली घालून भात कालवत होता. मी म्हटलं, त्या दाराला पटाशी लागली तर मी जेवण सोडीन. विषय तिथं थांबला. पण मी रोज सकाळी आणि संध्याकाळी गाठ तपासायला लागलो.

डिसेंबरात पहिली कडक थंडी पडली. मुलगा कामासाठी चार दिवस टेक्सासला गेला होता. सकाळी मी आंघोळ करून पंचा नेसून आलो, किल्ली घातली, आणि ती फिरेना. एवढीशी हलायची, मग चिकटल्यासारखी थांबायची. जोर लावला तर जुनी किल्ली आतच तुटणार. माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती ही, की कुणीतरी आत काहीतरी घातलंय. भाडेकरूला हुसकायला मालक कुलपात काडी मोडून ठेवतात, डिंक ओततात, सगळं बघितलंय मी.

सून जिन्यात आली. म्हणाली, "काय झालं? अंग पुसा आधी." मग खाली जाऊन नवऱ्याशी फोनवर बोलायला लागली. मी कान दिला. "हो, बाहेरच आहेत. दार उघडत नाहीये... हो, लोटा आतच आहे. मी बघते ना, तू टेन्शन घेऊ नको."

मुलगा गावात नाही, कुलूप नेमकं आजच बिघडतं, आणि ही बघते म्हणते. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो.

तासाभरात कुलूपवाला हजर. माझ्याच वयाकडे झुकलेला, पांढरी दाढी, कमरेला हत्यारांचा पट्टा. सुनेनं माझ्या अंगावर शाल टाकली होती, पण खाली पंचाच होता. त्यानं माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं, गुडघ्यावर बसला, विजेरी मारली, काहीतरी बोलला.

सून म्हणाली, "बाबा, तो म्हणतो हे कोणी रिपेअर करत नाही आता. पार्ट्स मिळत नाहीत. ड्रिल करून काढतो आणि नवीन बसवतो. वीस मिनिटं."

"त्याला म्हणावं, वीस मिनिटांत मीपण दार फाडतो. नव्या कुलपाला गोल भोक लागतं. आधीच पोटात खोबण, त्यात हे भोक, दार राहील का?"

तिनं सांगितलं की नाही कुणास ठाऊक. तो हसला. म्हणाला, मग काका काय म्हणतात, काय करायचं? हे मला इंग्रजीतही कळलं.

"बाबा, सरका ना जरा. न्यूमोनिया होईल तुम्हाला."

"होऊ दे. दार मी उघडणार."

"कसं? किल्ली फिरत नाही म्हणता ना?"

मी किल्ली बाहेर काढली. तिच्या दात्यावर पांढरं मेणासारखं काहीतरी लागलं होतं. चिमटीत घेतलं तर विरघळलं. नाकाला लावलं. खोबरेल तेल. आणि त्याच्या खाली मेथीचा वास.

बायको तेलाच्या बाटलीत मेथीचे दाणे टाकून ठेवायची. दुसरं कुणी टाकत नाही. मी किल्ली परत हुंगली.

कुलूपवाल्यानं हात पुढे केला, मी किल्ली दिली. त्यानं हुंगली आणि सुनेला म्हणाला, समुद्रावर अंगाला क्रीम लावतात तसा वास येतोय. तिनं खाली बघितलं. कुलपात खोबरेल तेल घालू नये हे टपरीवर मी पोराटोरांनाही सांगायचो. धूळ धरतं, आणि थंडीत गोठतं. घालायचीच तर पेन्सिलीच्या शिशाची भुकटी घालावी. पण गोठलेलं असलं तर उपाय सोपा आहे.

"केस वाळवायचं यंत्र आण तुझं," मी म्हटलं.

तिनं आणलं. मी भोकावर गरम हवा धरली, मग पट्टीवर, मग दाराच्या कडेवर. कुलूपवाला शेजारी मांडी घालून बसला, त्याला मजा वाटत होती. पाच-सहा मिनिटांनी भोकाच्या खालच्या कडेनं एक थेंब ओघळला. किल्ली घातली. फिरली. आवाज नाही.

त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि यायचेसुद्धा पैसे न घेता गेला.

मी आत शिरलो. लोटा जागेवर होता. गाठ बघितली, माझीच होती. मग दारात उभ्या सुनेला विचारलं, "तेल कुणी घातलं?"

"मी. आईंच्या बाटलीतलं."

"का?"

"आईंनी सांगितलं होतं. हॉस्पिटलमध्ये." ती आत आली नाही, चौकटीला धरून उभी राहिली. "आधी त्याच घालायच्या. चार वर्षं. बिजागऱ्यांनापण."

"कशाला?"

"तुम्ही दुपारी लॉक करून झोपता. झोपमोड झाली की ओरडता. म्हणून आवाज होऊ नये. त्या हळूच उघडून बघायच्या."

"काय बघायची?"

"छाती हलतेय का ते. तुमच्या छातीत दुखायचं ना आधीपासून. आता मी बघते. रोज तीनला."

"खोटं बोलू नकोस. किल्ली माझ्या कमरेला असते. उघडतेस कशानं?"

ती खाली गेली आणि स्वयंपाकघरालगतच्या कोठीची किल्ली घेऊन आली. माझ्यासमोर माझ्या दाराच्या भोकात घातली, उजव्या अंगाला घासत फिरवली. कुलूप लागलं. परत फिरवली. निघालं.

"चाळीस वर्षं हेच केलंत ना, बाबा?" ती म्हणाली. "या घरातली आतली सगळी दारं एकाच किल्लीनं उघडतात. आईंना पहिल्याच आठवड्यात कळलं."

जुन्या घरांतून अशीच कुलपं बसवतात हे मला माहीत असायला हवं होतं. कोठीची किल्ली एकदा लावून बघायला हवी होती. पण माझी किल्ली कमरेला आहे म्हटल्यावर मी बाकी किल्ल्यांकडे बघितलंच नाही.

तरी मी सोडलं नाही. "आणि नदीचं? तेही तुमचं ठरलं होतं ना?"

"हो," ती म्हणाली. "तो म्हणत होता, तुम्ही फॉलोअपला गेलात की करून टाकू. बाबांना त्रास कमी होईल. मी नाही म्हटलं."

"का नाही म्हटलीस?"

"रोज तीनला बघते ना मी. लोट्याकडे तोंड करून झोपता तुम्ही." मग ती चिडली. "आणि मला न्यायचाच असता तर सात महिने थांबले असते का? किल्ली तर होती माझ्याकडे. जा, कपडे घाला आता. चहा टाकते."

म्हणजे माझा संशय निम्मा खरा निघाला. मुलाशी मी दोन दिवस फोनवर बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बोललो. तो म्हणाला, डॉक्टर हो म्हणतील त्या आठवड्याची तिकिटं काढतो, मी पण येतो. मी म्हटलं, बघू.

त्या दिवशी दुपारी मी कुलूप खोलायला बसलो. मूठ काढली, दाराच्या कडेचे दोन स्क्रू रंगाखाली बुजले होते, ते खरवडून सोडवले, आणि पेटी ओढून बाहेर काढली. वर्तमानपत्रावर ठेवून झाकण उघडलं. आत सगळं पांढरं, कडेनं काळी धूळ धरलेली. एक स्प्रिंग मात्र अजून नव्यासारखी. गॅरेजमधून थिनर आणलं होतं, वाटीत ओतलं होतं, ब्रश होता. धुवायचं, पुसायचं, पेन्सिलीची भुकटी घालायची, अर्ध्या तासाचं काम.

आधीच्या हिवाळ्यांत हे कधी गोठलं नाही, तेही लक्षात आलं. तिला थंडी वाजायची. खोलीत जमिनीतून गरम हवा येते, तिची झडप ती सतत उघडी ठेवायची, मी घाम पुसत बसायचो. ती गेल्यावर मी झडप बंद केली होती. एकट्याला कशाला लागते.

वाटीतलं थिनर मी परत डब्यात ओतलं. कुलपाचं झाकण होतं तसं लावलं, पेटी खोबणीत सरकवली, स्क्रू पिळले. मग वाकलो आणि झडप उघडली. गरम हवा पायांवर आली.

दुसऱ्या दिवशी जेवून कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला अडकवली आणि पडलो. झोप लागली नाही. तीनला पाठीमागे दार उघडलं. आवाज काहीच झाला नाही, फक्त जिन्यातली थंड हवा मानेला लागली. मी डोळे मिटून श्वास जरा मोठ्यानं घेतला, म्हणजे तिला फार वेळ उभं राहायला नको. दार लागलं.

थोडा वेळ तसाच पडून राहिलो. मग उठून गाठ बघितली. जशीच्या तशी होती.