उंबऱ्यावर घातलेली वेणी

त्या रविवारी सकाळी थंडीनं खोबरेल गोठलं होतं. बायको म्हणाली, "बाटली चुलीजवळ धरा की जरा. का त्येबी मीच करू?" मी धरली. तिनं उंबऱ्याबाहेर पाट टाकला, लेकीला पुढ्यात बसवलं आणि सगळ्या गल्लीदेखत तिच्या केसांना तेल चोपडून वेणी घातली. आम्हा दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. दुपारी छातीत कळ आली म्हणून ती आडवी झाली, ती उठलीच नाही.

एवढ्याशा वेणीला आम्हाला सहा वर्षं लागली.

आमची लेक जन्माला मुलगा म्हणून आली. एकुलती. मी मुलगी हाय, असं ती लहानपणापासून सांगायची. मी ऐकलं नाही. पंधराव्या वर्षी तिचे केस मानेखाली आले, तेव्हा मी न्हाव्याला घरी बोलावलं, तिचे दोन्ही हात धरले आणि डोकं भादरून घेतलं. तिला माणसात आणायचं म्हणून केलं, असं मला वाटत होतं.

ती रडली नाही. बोलायचीच बंद झाली. ताट भरलेलं परत यायचं. शाळा सुटली. गावात कुणी गंडादोरा बांधायला सांगितला, कुणी म्हणालं डोंगरावरच्या देवीला सोडा.

"सोडायला ती काय कोंबडी हाय?" बायको म्हणाली आणि लेकीला घेऊन कोल्हापुरात मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली. मीही गेलो, पण बाहेर बाकावर बसलो. दर दुसऱ्या गुरुवारी तसंच. त्या दोघी आत, मी बाकावर.

"तुम्हीबी आत या की," बायको म्हणायची.

"मला काय झालंय?"

"त्येच तर. तुमाला कधी काय झालंय?"

डॉक्टरीणबाईंनी बायकोला सांगितलं, मुलगी असणं हा आजार नाही, त्यात बरं करायचं काही नाही. रोज खोटी ठरवल्यानं पोर खचलीय. झोप लागावी म्हणून थोडे दिवस गोळ्या देते, पण निम्मं औषध तुमच्या घरात आहे. मग त्यांनी लेकीला विचारलं, घरात तुला काय पाहिजे? कितीतरी महिन्यांनी ती बोलली. आईनं केसांना तेल लावावं, म्हणाली. एवढंच मागितलं.

केस वाढले तसं बायको तेल लावू लागली, पण दार लावून. दार लावायचं काम माझं. एकदा डॉक्टरीणबाई बाकापाशी आल्या आणि मला म्हणाल्या, "दार का लावता?" परत येताना बसमध्ये बायको म्हणाली, "जलमभर फौंड्रीत भट्टीपुढं हुबं राहिलासा, आनि गल्लीला भ्यालासा?" लेक खिडकीकडं तोंड करून हसत होती. ते हसू मी बघितलं. पुढं कधीतरी मी दार लावायचं सोडलं. लेक शिवणाच्या क्लासला जाऊ लागली, ताट पुसून जेवू लागली.

बायको गेली त्या दिवशी संध्याकाळी माझ्या थोरल्या भावानं मडकं लेकीच्या खांद्यावर दिलं. "पोरगाच म्हणायचा की शेवटी," म्हणाला. आईला अग्नी द्यायचा होता म्हणून ती गप राहिली. मीही गप राहिलो. अग्नी देणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी डोकं भादरायचं, ही आमच्या भावकीची रीत. ती माझ्या ध्यानातच आली नाही.

सकाळी भाऊ न्हाव्याला घेऊन आला. न्हावी तोच, आता म्हातारा झालेला. अंगणात पाट टाकला, तोही कालचाच.

"अग्नी दिलाय त्यानं. बसव त्येला," भाऊ म्हणाला.

लेक दाराची चौकट धरून उभी होती. आईनं घातलेली वेणी तिनं सोडली नव्हती, तेल अजून चमकत होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती, माझ्या हातांकडं बघत होती.

मी जाऊन पाटावर बसलो. "माझं काढ," न्हाव्याला म्हणालो.

"तुझं कशाला?" भाऊ म्हणाला. "अग्नी कुणी दिलाय?"

"लेकीनं दिलाय. केस मी देतो. रीत मोडली म्हणून काय लागायचं ते मला लागंल, दादा."

"भावकीत तोंड कसं दाखवायचं मी?"

"मी दाखवतो की. भादरल्यालं."

न्हाव्यानं माझं डोकं ओलं केलं आणि वस्तरा लावला. भाऊ पायताण घालून निघून गेला. लेक आत गेली. थोड्या वेळानं तिनं अंघोळीचं पाणी तापल्याचं सांगितलं.

अंघोळ करून मी सुतकातच फोनच्या बूथवर गेलो आणि डॉक्टरीणबाईंना बायको गेल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, सवड मिळेल तेव्हा या.

"ह्या गुरुवारीच येतो," मी म्हणालो. "आनि आत बसतो."