सरासरीच्या वर

मी गाव सोडलं तेव्हा आश्लेषा लागून दोन दिवस झाले होते. तारीख पासपोर्टावरच्या शिक्क्यात आहे, पण माझ्या डोक्यात नक्षत्रच राहिलंय. बीड जिल्ह्यातल्या आमच्या युसूफ वडगाव गावच्या फाट्यावर जीप उभी. आई माझ्या बॅगेत तिसऱ्यांदा शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी कोंबत होती आणि आण्णा, म्हणजे माझे वडील, रस्त्याच्या कडेला उभे राहून मावळतीकडं बघत होते. आई चिडली. "लेक सातासमुद्रापार निघाली अन् तुमी कावून आभाळाकडं बघायलाव?" जीप हलायच्या वक्ताला आण्णा खिडकीशी आले आणि म्हणाले, "तिकडला पाऊस कसा हाय ते कळवीत जा." बापाचा निरोप एवढाच. मी लातूर येईपर्यंत रडत होते.

मी नर्स आहे. आयर्लंडमधल्या कॉर्क नावाच्या गावात मला सहा वर्षं झाली. इथं पाऊस रोजचाच, आणि त्याचं कुणाला काही नाही. फारच बारीक भुरभुर असली तर वॉर्डातल्या म्हाताऱ्या त्याला 'सॉफ्ट डे' म्हणतात. आमच्याकडं तरणा पाऊस वेगळा, म्हातारा वेगळा, मघातला सासवांचा, पूर्वातला सुनांचा. इथल्या पावसाला गणगोत नाही, नुसता रेनकोट आहे.

आण्णांचं आणि माझं बोलणं पावसावरच चालतं. ते कधी 'जेवलीस का' विचारणार नाहीत, मी कधी 'आठवण येते' म्हणणार नाही. हा एक धागा तुटला तर आमच्यात बोलायला काही उरणार नाही, ही धास्ती मला पहिल्या दिवसापासून आहे. तुम्हीही घर सोडून लांब गेला असाल तर तुमच्याकडंही असा एखादा विषय असेल. मी तो जिवापाड जपला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हवामानाच्या साइटवरून सरलेल्या महिन्याचा आढावा त्यांना वाचून दाखवायचे. आधी कॉर्क, मग बीड, सरासरीच्या किती खाली, किती वर. आण्णांना त्याचं लई अप्रूप. चहाच्या टपरीवर जाऊन सांगायचे, "आमच्या पोरीचा रिपोर्ट आला."

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरचा आढावा उघडला तर बीड सरासरीच्या वर. मी हुरळले. फोन लागल्या लागल्या म्हणाले, "आण्णा, जिंकलो की. सरासरीच्या वर हाय यंदा." त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि फोन आईकडं दिला. पुढच्या रविवारी पावसाचं विचारलं तर "हाय तसंच." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

शेवटी आईनंच सांगितलं, आण्णा बाहेर ओसरीत असताना, हळू आवाजात. पोळ्यापासून उघडीप पडली होती. शेंगा भरायच्या टायमाला एक थेंब नाही, आणि महिना सरता सरता तीन दिवस असा कोसळला की वावरात गुडघाभर पाणी. "सोयाबीनला झाडावरच कोंब आले गं," आई म्हणाली. महिन्याचा सगळा पाऊस त्या तीन दिवसांत झाला होता. मला सांगायचं नाही म्हणून आण्णांनी तिला बजावलं होतं. त्यात टपरीवर गेलते, तर मोबाइलवर तोच आकडा बघून एकजण म्हणाला, "तुमच्या पोरीच्या रिपोर्टात तर समदं बेस हाय की, मामा." त्या दिवसापासून टपरी बंद, रानात जाणंही बंद.

आकडा खोटा नव्हता. त्याला आनंदाची बातमी समजणारी मी मूर्ख. कुणब्याची लेक, आणि उघडीप किती दिवस होती एवढं विचारायचं मला सुचलं नाही. माझी मलाच लाज वाटली.

रविवारची वाट न बघता ड्युटी संपल्यावर मी फोन लावला. साइट उघडली नाही. म्हणाले, "आण्णा, महिना कसा गेला?"

"सरासरीच्या वर," आण्णा म्हणाले.

ते असं बोचरं माझ्याशी कधी बोलले नव्हते. मला रडू आलं आणि रडता रडताच तोंडातून निघालं, "माझाबी तसाच गेला, आण्णा." मग मी सांगत सुटले. मंगळवारी वॉर्डातली एक आजी माझा हात धरून गेली, तिचा मुलगा अर्ध्या तासानं पोचला, त्याचं तोंड मला बघवलं नाही, कारण मला तिथं मीच दिसत होते. बुधवारी उभ्या उभ्या कोरडा ब्रेड खाल्ला. गुरुवारी अख्ख्या दिवसात मराठीचा एक शब्द बोलले नाही. सहा वर्षं मी त्यांना 'बरं चाललंय' एवढंच सांगत आले होते.

मग आण्णांनीही पावसाच्या त्या तीन दिवसांतला एकेक दिवस सांगायला घेतला. पहिल्या दिवशी पाणी काढायला चर मारला. दुसऱ्या दिवशी बांध फोडला. तिसऱ्या दिवशी बांधावर नुसते बसून राहिले. "तुला फोन लावावा वाटला," ते म्हणाले, "पर तू डुटीवर असशील म्हणून ठिवला."

इथं लोक विचारतात, तुझं घर कुठं? पूर्वी मी गाव, तालुका, जिल्हा सगळं सांगायचे. अजूनही तेच सांगते, पण सांगताना डोळ्यासमोर बांधावर बसलेले आण्णा येतात आणि त्यांच्या हातातला तो न लावलेला फोन. माझं घर आता तिथं आहे.

फोन ठेवायच्या आधी मी विचारलं, ज्वारी पेरायला रानात कधी जाणार?

"रान अजून वाफशावर न्हाई. पाय घातला की रुततोय. पाणी मुरू द्यावं लागतं, माय, घाई करून चालत न्हाई." जरा थांबून म्हणाले, "मलाबी वाफसा यायचाय अजून. तवर रोज फोन करीत जा. रिपोर्ट नको. नुसता फोन कर."