टीव्हीमागच्या वायरी आणि थोरली जाऊ

दिल्लीतल्या आमच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये टीव्हीमागे वायरींचं जंजाळ होतं, हे मी नाकारत नाही. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर, स्पीकर, सगळ्यांची शेपटं एका एक्स्टेन्शन बोर्डात कोंबलेली. सरकारी घरात हे असंच चालतं. भिंत आपली नाही, बदली झाली की जशी मिळाली तशी परत करायची, म्हणून साधा खिळा ठोकतानाही जीव कचरतो.

त्या जंजाळाच्या खऱ्या माहितगार होत्या माझ्या सासूबाई. आम्ही दोघं ऑफिसला गेलो की घरात त्या एकट्या. शेजारी एकीकडे मल्याळी, दुसरीकडे हरियाणवी. दिवसभरात कानावर मराठी पडायचं ते दुपारच्या मालिकेतून, तेवढंच. त्यामुळे बॉक्स अडकला की त्या कुणाची वाट बघत नसत. काचबिंदूमुळे दिसायचं कमी, पण चाचपून बरोबर प्लग उपटायच्या, पुन्हा खोचायच्या, आणि संध्याकाळी मी दारात चपला काढत असतानाच ऐटीत सांगायच्या, "आज मीच दुरुस्त केला गं टीव्ही."

ऐन मे महिन्यात अशाच त्या वायरीत पाय अडकून पडल्या. हाड मोडलं नाही, गुडघा तेवढा सुजला. दुसऱ्याच दिवशी गुडगावहून थोरले दीर आणि थोरली जाऊ हजर. जाऊबाईंनी आईंच्या गुडघ्याकडे ओझरतं पाहिलं आणि टीव्हीमागे मात्र वाकून वाकून पाहिलं. मोबाइलवर फोटोसुद्धा काढला.

"सीरियसली यार, असं कोण राहतं?" त्या म्हणाल्या. "हे घर आईंसाठी बिल्कुल सेफ नाहीये. आमच्याकडे बघ, एक वायर दिसणार नाही. आईंना आम्ही नेतो."

काट्याचा नायटा करणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. नवरा नेहमीप्रमाणे मोठ्या भावापुढे मान डोलावत राहिला. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. पिशवी भरली गेली, गाडी निघून गेली. वर तो फोटो नात्यातल्या सगळ्यांच्या ग्रुपवर आला, खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठरवलं, वायरी अशा आवरीन की ह्या बाईला बोट ठेवायला जागा उरणार नाही, आणि मग हिच्याच तोंडून कबूल करवून आईंना परत आणीन.

पहिला प्रयत्न फसला. मुनिरक्याच्या बाजारातून वायरी झाकायची प्लॅस्टिकची पट्टी आणली आणि भोक नको म्हणून दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने भिंतीला लावली. रविवार सरायच्या आत पट्टी खाली, आणि टेपला सरकारी डिस्टेंपरचे पापुद्रे. सरकारी घरात राहणारा प्रत्येक माणूस ही चूक एकदा करतोच. मग डोकं लावलं. भिंत सरकारची, पण टीव्हीखालचं कपाट तर माझं! एक्स्टेन्शन बोर्ड कपाटाच्या पाठीला स्क्रूने बसवला, वायरी कापडी पट्ट्यांनी बांधून त्याच फळीवरून नेल्या. जमिनीवर एक दोरासुद्धा उरला नाही.

राहिली कुठली वायर कशाची याची ओळख. चिठ्ठ्या लावून उपयोग नव्हता, आईंना दिसणार नाहीत. दिल्लीत राख्यांचं प्रस्थ मोठं. ऑफिसातल्या बायका ह्यांना भल्या थोरल्या राख्या बांधतात. त्या कचऱ्यात टाकवत नाहीत आणि आजच्या यमुनेत सोडवत नाहीत, म्हणून डबाभर साठलेल्या. त्याच काढल्या. टीव्हीच्या वायरीला गोंड्याची राखी, बॉक्सला मोत्यांची, राउटरला नुसता जाड रेशमी दोरा. डोळे मिटून स्वतः चाचपून पाहिल्या. आपल्यावरच खूष झाले.

मधे एकदा गुडगावला गेले. खालच्या मजल्यावर कापडी पॅनलची खास खोली, त्यात भिंतीएवढा टीव्ही, आणि खरंच, एक वायर दिसेना. सासूबाई वरच्या खोलीत, खिडकीशी.

"आईंना टीव्ही?" मी विचारलं.

"परवा काहीतरी दाबलं त्यांनी, सगळी सिस्टीम हँग," जाऊबाई हसत म्हणाल्या. "वायर शोधायला पॅनलमागे हात घालत होत्या, इमॅजिन! मी सांगून टाकलंय, अजिबात हात लावायचा नाही. रिमोट मी ड्रॉवरमध्येच ठेवते."

मी चहा अर्धा टाकून उठले. रागाने मला तिथे बसवेना.

दिवाळीच्या फराळाला सगळ्यांना क्वार्टरवर बोलावलं. जाऊबाई कडक इस्त्रीच्या रेशमी साडीत आल्या आणि त्यांची नजर आधी टीव्हीखाली गेली.

"असं वरवर नको, वहिनी," मी म्हटलं. "वाका ना. मागच्या वेळी किती छान वाकला होतात. मोबाइल देऊ?"

चुलत सासवा, नणंदा, सगळ्यांसमोर त्यांना वाकावं लागलं. साडीच्या निऱ्या फरशीवर लोळल्या. मी मागून टॉर्चसुद्धा धरला, काही राहायला नको म्हणून.

"काही दिसतंय?"

"नाही... नीट केलंयस," त्या पुटपुटल्या.

"मग घर सेफ आहे ना आईंसाठी?"

एवढ्या जणींसमोर नाही कसं म्हणणार? "हो, आता आहे," त्या म्हणाल्या. दीर म्हणाले, "चलो, मग आई इथेच राहू दे." चकली मला इतकी खुसखुशीत कधी लागली नव्हती. नाकाला मिरच्या झोंबलेली जाऊ समोर बसलेली आणि मी तिला आग्रह करकरून वाढत होते.

भाऊबीज झाल्यावर ऑफिस सुरू झालं. संध्याकाळी परतले. चपला काढल्या, घरात आवाज नाही. सासूबाई दिवाणावर, समोर टीव्ही बंद, रिमोट शेजारीच.

"आई, मालिका नाही लावलीत?"

"तू आलीस की लावू म्हटलं. माझ्या हातून काही बिघडलं तर?"

मी त्यांचा हात धरून कपाटामागे नेला, मोत्यांची राखी त्यांच्या बोटांना लावली. त्यांनी चटका बसावा तसा हात मागे घेतला. "नको गं. राहू दे."

तेवढ्यात जाऊबाईंचा फोन आला. आवाज अगदी गोड. "काय गं, रमल्या का आई?"

सासूबाई मला खुणावत होत्या, हो म्हण, मजेत आहेत म्हण.

"रमल्यात ना," मी म्हटलं. "तुम्ही शिकवलंत तशाच बसल्यात, वहिनी. दुपारपासून. कशालाही हात न लावता."