जास्वंदीच्या तक्रारींच्या नकला

शेजारच्या खालांच्या शेळीने माझ्या कुंपणावरची जास्वंद खाल्ल्याबद्दल मी त्यांना आजवर जितकी पत्रे लिहिली, त्या सर्वांच्या नकला माझ्यापाशी आहेत. प्रत्येकीवर दिनांक, वेळ आणि खाल्लेल्या पाल्याचे वर्णन आहे. तालुक्याच्या न्यायालयात लेखनिक म्हणून माझे आयुष्य गेले. तोंडी तक्रारीला मी तक्रार मानत नाही. खाला सुनेकडून पत्र वाचून घेत आणि कुंपणाशी येऊन म्हणत, "वकीलसाब, अक्षर काय सुरेख आहे तुमचं!" मी वकील नाही, हेही मी त्यांना लेखी कळवले होते.

गेल्या पावसाळ्यात रेवदंड्याजवळच्या आमच्या वाडीत एक संशोधक बाई आल्या. शेळ्यांच्या पोटात रक्त पिणारे जंत होतात. एकाच माळावर चरून काही शेळ्या खंगतात, तर काही जंतांना दाद देत नाहीत. हा गुण वंशातून येतो की खाण्यातून, हे त्यांना शोधायचे होते. आणि जो बोकड टिकेल, त्याची पैदास किनाऱ्यावरच्या गावांत वाढवायची होती. बाई प्रत्येक जनावराची खालची पापणी उलटून आतला रंग फिकट पडला का ते पाहत आणि लेंड्या डबीत भरून नेत, त्यातली जंतांची अंडी मोजायला. नेलेल्या लेंड्यांवर मालकी कोणाची, असे मी त्यांना पत्राने विचारले. त्यांनी पत्रानेच उत्तर दिले. त्या दिवसापासून माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे.

नमुने घेण्याआधी जनावरांना जंतांचे औषध पाजू नये, ही अट छापील होती. माझ्याही सहा शेळ्या आणि एक बोकड असल्याने तिच्याखाली माझी सही होती. परंतु तपासणी हा शब्द कानावर पडला की माझे हात थांबत नाहीत. साहेब तपासणीला येणार म्हटले, की आम्ही आठवडाभर आधीपासून दफ्तर झाडून, कागदांचे बस्ते बांधून, सारे चकचकीत करून ठेवत असू. त्याच सवयीने मी माझ्या सहाही शेळ्यांना आणि बोकडाला औषध पाजले.

पुढच्या भेटीत बाई अंगणातूनच ओरडत आल्या. "काका, तुमच्या बोकडात एक अंडं नाही! याचीच पिल्लं गावोगाव द्यायची."

मी त्यांना चहा दिला; औषधाचे मात्र सांगितले नाही. माझ्या एका बाटलीच्या पुण्याईवर तो ऐदी बोकड साऱ्या किनाऱ्याचा कुलपुरुष होणार होता, आणि त्याची मरतुकडी संतती लोक बाईंच्या नावाने मोजणार होते. तिसऱ्या दिवशी मी अट क्रमांक सहाचा भंग, हेतू आणि औषधाची मात्रा नमूद करून कबुलीपत्र लिहिले व नोंदणीकृत टपालाने धाडले.

बाई ते पत्र हातात घेऊनच आल्या. मी उभा राहिलो.

"बसा काका. इतरांनीही गुपचूप पाजलं असेल. लेखी कबूल करणारे तुम्ही एकटेच."

"शिक्षा सांगा."

"औषधाचा असर ओसरू द्या. मग पुन्हा नमुने. तोवर बाटली माझ्या ताब्यात."

पुन्हा नमुने गेले. माझ्या बोकडाच्या डबीत अंडीच अंडी निघाली. वाडीभरात सर्वांत कमी अंडी निघाली ती खालांच्या शेळीत! निकाल ऐकून खाला कुंपणावर रेलल्या. "वकीलसाब, आता हिच्यावर नोटीस कशी काढणार?"

बाई मात्र विचारात पडल्या होत्या. जंतांची पिल्ले दवाबरोबर गवताच्या पात्यांवर चढतात. मान वर करून झुडपे ओरबाडणाऱ्या शेळीच्या पोटात ती कमी जातात. मग ही शेळी वंशाने चांगली की खाण्याने? "वर्षभर तिनं रोज काय खाल्लं, हे कुठे लिहून ठेवलेलं असतं तर!"

मी आत गेलो आणि नकलांचा बस्ता आणून त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी तीन-चार नकला वाचल्या आणि पदर तोंडाला लावला. "काका, 'सकाळी सव्वासात, उत्तरेकडील कोवळी पाने, अंदाजे एक ओंजळ.' अहो, माझी माणसं इतकं नीट टिपत नाहीत."

त्यांनी सारा बस्ता नेला. रीतसर पोच दिली. जाताना म्हणाल्या, तिच्या करडांना एक वर्ष गवतावर ठेवायचे, मग वंश की खाणे ते कळेल. तोवर आईचे खाणे बदलता कामा नये.

त्या संध्याकाळी मी खालांना पत्र लिहिले: संशोधनाच्या कालावधीपुरती सदर शेळीस माझी जास्वंद खाण्यास हरकत नाही, हा कायमचा हक्क समजू नये. सुनेने ते कुंपणाशीच मोठ्याने वाचले.

"परवानगी मिळाली, फार बरं झालं," खाला म्हणाल्या. "तिनं दुपारीच खाऊन टाकली."

मी खिशातून पेन काढले. "दुपारी किती वाजता?"